पेशंटला गोळ्या मिळाल्या, घरच्यांना कोण शिकवणार? मनाच्या आजारात ७२० तास सांभाळणाऱ्या कुटुंबाचा विचार कधी होणार?

महिन्यातून एकदा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जायचं. सकाळची एसटी पकडायची, केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं. नंबर लागला की डॉक्टर दहा-पंधरा मिनिटं बोलतात, महिनाभराच्या गोळ्या लिहून देतात. संध्याकाळपर्यंत पेशंट घरी परत.

आता साधा हिशोब करा. महिन्याचे तास होतात ७२०. त्यातली पंधरा मिनिटं डॉक्टरांची. बाकी सगळा वेळ तो माणूस घरात असतो. आईसमोर, बायकोसमोर, भावासमोर, पोरांसमोर. रात्री दोन वाजता तो उठून अंगणात फेऱ्या मारतो तेव्हा समोर डॉक्टर नसतो. ताट भिरकावलं जातं तेव्हा समुपदेशक नसतो. "मी नसलो तर बरं होईल" हे वाक्य बहुतेक वेळा दवाखान्यात नाही, तर चुलीपाशी किंवा बांधावर ऐकायला मिळतं.

ऐकणाऱ्याला त्यावर काय बोलायचं हे कुणीच शिकवलेलं नसतं. गावोगावच्या आरोग्यसेवेतली आजची सगळ्यात मोठी पोकळी हीच आहे.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ लोकांनी आत्महत्या केली. सगळ्यात जास्त नोंद महाराष्ट्रात, २२ हजार ७४६. शेतीवर जगणाऱ्या, म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर मिळून, ११ हजार २९० जणांचा जीव त्या वर्षी गेला. त्यात ४ हजार २४८ जण आपल्या राज्यातले होते.

कर्ज, नापिकी, पडलेला भाव यांची चर्चा दरवर्षी होते आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच अहवालात कारणांचा तक्ता आहे, तो फारसा कुणी वाचत नाही. देशभरातल्या एकूण आत्महत्यांत "कौटुंबिक समस्या" हे कारण ३१.७ टक्के ठिकाणी नोंदलं गेलं आणि "आजारपण" १८.४ टक्के ठिकाणी. पोलिसांच्या नोंदीत एकच कारण टाकतात, प्रत्यक्षात दहा गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या असतात. कर्जामुळे झोप जाते, झोप गेली की चिडचिड, चिडचिडीतून घरात भांडण, भांडणातून अबोला. शेवटी कागदावर लागतं ते "कौटुंबिक कलह".

तरीही एक गोष्ट यातून दिसते. माणूस खचतो तेव्हा घर त्याच्या अगदी जवळ असतं. तेच घर आधार होऊ शकतं आणि नकळत ओझंही होऊ शकतं.

दुसरीकडे, बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. पण पाहणीत दिसलं की मोठ्या माणसांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आजारानुसार, त्यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. म्हणजे दहातल्या सात ते नऊ जणांना घरच्यांशिवाय कुणीच नाही. त्यांचा दवाखानाही घर आणि समुपदेशकही घरच.

कायद्यात लिहिलंय, गावात पोहोचलं नाही

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला, २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत. सरकारने कोणकोणत्या सेवा द्यायच्या याची यादीही त्याच कलमात आहे. बाह्यरुग्ण, आंतररुग्ण या सेवांसोबत त्या यादीत पेशंटच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांचाही उल्लेख आहे.

म्हणजे कुटुंबाला आधार देणं ही सरकारची मेहरबानी नाही, ती जबाबदारी आहे.

प्रत्यक्षात काय आहे? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा. शेतकरी आत्महत्यांचं प्रमाण जास्त असलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत राज्य सरकारने २०१५ मध्ये "प्रेरणा प्रकल्प" सुरू केला. त्यात आशाताई घरोघर जाऊन खचलेल्या माणसाची विचारपूस करतात, गरज असेल त्याला पुढे पाठवतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राची "टेलिमानस" हेल्पलाइन चालू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतूनही बोलता येतं.

या सगळ्या योजना कामाच्या आहेत. पण त्यांची घडण बघा. पेशंट शोधा, पेशंट पाठवा, पेशंटला औषध द्या, पेशंटने फोन करा. घरचा माणूस या सगळ्यात "सोबत आलेले नातेवाईक" एवढाच. त्याला सांगितलं जातं, "यांना एकटं सोडू नका, गोळ्या वेळेवर द्या, टेन्शन देऊ नका." टेन्शन देऊ नका म्हणजे नक्की काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

साखरेच्या पेशंटच्या घरी काय शिजवायचं हे सांगतात. लकवा झालेल्या माणसाला कूस कशी बदलायची हे दाखवतात. बाळंतिणीच्या सासूलाही चार गोष्टी समजावतात. मनाच्या आजारातच तेवढं "तुम्ही समजून घ्या" म्हणून विषय संपतो.

घरचं बोलणं औषधाइतकं महत्त्वाचं

घरच्या वागण्याचा आजारावर परिणाम होतो, हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाहीत. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या संशोधकाने १९५० च्या दशकापासून याचा अभ्यास केला. स्किझोफ्रेनियाचे पेशंट बरे होऊन घरी गेल्यावर कोण पुन्हा आजारी पडतं, हे त्याने पाहिलं. ज्या घरात सतत टोमणे, राग किंवा अति काळजी, तिथले पेशंट जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते.

पुढे तसाच अभ्यास चंदीगड परिसरात झाला, तो १९८७ मध्ये छापून आला. त्यात वेगळं चित्र दिसलं. लंडनच्या तुलनेत इथल्या घरांत टीका कमी होती आणि खेड्यातल्या नातेवाइकांत तर शहरापेक्षाही कमी. म्हणजे गावाकडच्या घरात सांभाळून घेण्याची ताकद मुळातच आहे. तिला थोडी दिशा देण्याची गरज आहे.

आपल्या देशात हे शहाणपण जुनं आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना पेशंटसोबत राहायला सांगितलं. घरच्यांनी आजार जवळून पाहिला, डॉक्टर काय करतात ते पाहिलं, आणि माणूस घरी परत नेला. पाश्चात्त्य देशांत तेव्हा पेशंटला घरापासून तोडण्यावर भर होता.

महाराष्ट्रातही पाया आहे. ठाण्याची आयपीएच, पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, व्यसनमुक्तीसाठी मुक्तांगण या संस्था वर्षानुवर्षं कुटुंबांसोबत काम करतात. आजारी माणसासाठी "शुभार्थी" आणि सांभाळणाऱ्यासाठी "शुभंकर" हे शब्दही या चळवळीतून रुळले. अडचण एवढीच की हे बरंचसं काम ठाणे-पुण्याच्या आसपास आहे. तालुक्यातल्या माणसाला एका बैठकीसाठी दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं घालवणं परवडत नाही.

खेड्यात हे जमतं का? जमलं आहे

"गावात कोण येणार असल्या गोष्टी ऐकायला" हा नेहमीचा आक्षेप. त्याला उत्तर आपल्याच राज्यात आहे.

विदर्भातल्या ३० गावांत "विश्राम" नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी उदासीनतेबद्दल गावात बोलणं सुरू केलं, साधं समुपदेशन दिलं, गरज असेल त्याला डॉक्टरकडे पोहोचवलं. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरातले फक्त चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण सत्तावीसवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी दुसरी गावं घेतली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पालाच देता येणार नाही. पण गाव ऐकतं, एवढं नक्की दिसलं.

नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत "आत्मीयता" हा उपक्रम झाला. गावातल्याच विश्वासू माणसांना चार गोष्टी शिकवल्या आणि मोबाईलवर छोट्या फिल्म दिल्या. दारू, बेकारी, घरातली मारहाण अशा विषयांवरच्या. फिल्म बघून लोक बोलते झाले. पुढे हाच उपक्रम गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात गेला.

गंभीर आजारासाठीही प्रयोग झाला. सातारा, गोवा आणि तामिळनाडूतलं कांचीपुरम इथे स्किझोफ्रेनियाच्या २८२ पेशंटवर अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचे उपचार मिळाले. काहींच्या घरी त्यासोबत प्रशिक्षित कार्यकर्ते गेले, पेशंट आणि घरचे दोघांशी बोलले. वर्षभराने दुसऱ्या गटाची स्थिती थोडी जास्त सुधारली होती. फरक फार मोठा नव्हता. पण कार्यकर्ते डॉक्टर नव्हते आणि काम घरातच झालं, हे लक्षात घेतलं पाहिजे.

या प्रशिक्षणात शिकायचं तरी काय?

प्रशिक्षण म्हटलं की लोकांना वाटतं, मोठी पुस्तकं, इंग्रजी शब्द. तसं काही नाही. पाच-सहा सवयी आहेत आणि त्या सरावाने येतात.

पहिली, ऐकणं. आपण ऐकायच्या आधीच उत्तर देतो. "तुला काय कमी आहे?", "लोकांकडे बघ, त्यांना किती त्रास आहे", "मन घट्ट कर", "नाटकं बंद कर." बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण समोरच्याला ऐकू येतं की माझं दुःख खोटं आहे. त्याऐवजी एवढं म्हणता येतं, "तुला चार दिवस झोप नाही हे मी बघतोय. काय होतंय ते सांग, मी मधे बोलणार नाही." आणि मग खरंच मधे बोलायचं नाही.

दुसरी, भावना मान्य करणं. हे सगळ्यात अवघड. पोरगा म्हणतो, "सगळे माझ्या विरोधात आहेत." त्याला खोटं पाडायला गेलं की भांडण. "हो, सगळेच वाईट" म्हटलं की संशय वाढतो. मधली वाट अशी, "तुला असं वाटत असेल तर जीव किती घाबरत असेल." त्याचं म्हणणं खरं धरलं नाही, पण त्याची भीती खरी धरली. भावना मान्य केली म्हणजे प्रत्येक मागणी मान्य केली असं होत नाही.

तिसरी, वेळ ओळखणं. माणूस रागाने थरथरत असताना समजावून उपयोग नसतो. तेव्हा आवाज खाली आणायचा, गर्दी हटवायची, थोडं अंतर ठेवायचं. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, चहा घेताना.

चौथी, मर्यादा. आजार आहे म्हणून मारहाण सहन करायची नाही. दारूसाठी पैसे द्यायचे नाहीत. नियम थोडे ठेवायचे, पण घरातल्या सगळ्यांनी एकच ठेवायचे. बाप नाही म्हणतो आणि आई पदराआडून पैसे देते, तिथे नियम टिकत नाही.

पाचवी, औषधाची समज. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. "आठ दिवस खाल्ल्या, काही फरक नाही" म्हणून बंद करणं आणि "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करणं, दोन्ही चुकीचं. थांबवायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

सहावी आणि सगळ्यात महत्त्वाची, थेट विचारणं. "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारलं तर तो विचार डोक्यात भरवल्यासारखं होईल, अशी भीती गावागावांत आहे. ही भीती चुकीची आहे. विचारल्याने विचार येत नाही, उलट मनातलं ओझं बोलायला जागा मिळते. उत्तर "हो" आलं तर उपदेश नको, रडारड नको. माणसाला एकटं सोडायचं नाही. शेतीची औषधं त्याच दिवशी घरातून हलवून कुलपात ठेवायची आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. अशी टोकाची वेळ बऱ्याचदा काही तासांत ओसरते, तेवढा वेळ मिळाला तरी जीव वाचतो. १४४१६ ला फोन घरच्यांनीही करता येतो. तातडीची वेळ असेल तर १०८ किंवा ११२.

इथे आणखी एक जुनी भीती काढून टाकायला हवी. "दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल" म्हणून अनेक घरं गप्प बसतात. २०१७ च्या कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायला सांगितलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल शिक्षेचं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. सरकारी कर्मचाऱ्याला अडवण्यासाठी किंवा दबाव टाकण्यासाठी असा प्रयत्न केला तरच गुन्हा आहे. त्यामुळे उपचाराला उशीर करू नये.

"बाहेरचं झालंय" म्हणून आधी भगताकडे नेणारी घरंही आहेत. देवाला नारळ ठेवायला कुणाची हरकत नाही, पण गोळी बंद करू नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चटके हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

सांभाळणारी बाई कुणाला दिसते?

"कुटुंब" म्हटलं तरी प्रत्यक्षात सांभाळतं कोण? बहुतेक घरांत एकच बाई. आई, बायको, नाहीतर सून. पहाटे उठून स्वयंपाक, मग रोजंदारी, संध्याकाळी गोळ्या, रात्री जागरण. वर गावाचं बोलणं, "हिच्यामुळेच त्याचं डोकं फिरलं." तिचं डोकं दुखतं, झोप जाते, पण तिचा केसपेपर कुणी काढत नाही.

म्हणून प्रशिक्षणाचा अर्धा भाग तिच्यासाठी असायला हवा. आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्याने सांभाळायचं हे घरात ठरलं पाहिजे. आणि बैठकीला पुरुषही बसले पाहिजेत. नाहीतर शिकणं हेही बाईच्याच डोक्यावरचं आणखी एक काम होईल.

एक धोकाही लक्षात ठेवावा. काही घरांत त्रासाचं मूळ घरातच असतं. सुनेला मारहाण होत असेल तर नवऱ्याला "ऐकून घ्या" शिकवणं हा उपाय होत नाही. तिथे आधी तिची सुरक्षा.

घरावर ढकलून सरकार मोकळं होणार नाही ना?

हा आक्षेप रास्त आहे. घरच्यांना शिकवलं म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाची रिकामी जागा भरली असं होत नाही. कापसा-सोयाबीनला भाव मिळाला असं होत नाही. गोड बोलून सावकाराचं कर्ज फिटत नाही. आणि एवढं शिकूनही कुणी गेलं, तर दोष घरच्यांचा नाही.

पण डॉक्टर येईपर्यंत, भाव मिळेपर्यंत माणूस जिवंत राहायला हवा. तो काळ घरातच काढायचा आहे. म्हणून दोन्ही मागण्या एकत्र असल्या पाहिजेत. डॉक्टरही हवा आणि घरच्यांना शिकवणंही हवं.

गावाने काय मागायचं?

यासाठी नवी इमारत लागत नाही. जे आहे त्यातच हे बसतं.

• जिल्हा मानसिक आरोग्य पथकाची ओपीडी ज्या दिवशी असते, त्याच दिवशी नातेवाइकांची तासाभराची बैठक घ्यावी. लोक आलेलेच असतात, वेगळी मजुरी बुडत नाही.

• गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात महिन्यातून एकदा संध्याकाळी, शेतातून लोक परतल्यावर, बैठक घ्यावी.

• बचत गटाच्या बैठकीत दर महिन्याला यातली एक सवय बोलून, करून दाखवावी. सहा महिन्यांत सहा होतात.

• आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. हे काम द्यायचं तर त्याचं प्रशिक्षण आणि मोबदला वेगळा द्यावा.

• ग्रामसभेत ठराव घ्यावा. कलम १८ चा उल्लेख करून कुटुंबासाठीच्या सेवेची लेखी मागणी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावी आणि पोहोच घ्यावी. गावात कुणाच्या घरी आजार आहे, ही नावं मात्र ठरावात किंवा सभेत येता कामा नयेत.

दरवर्षी १० सप्टेंबरला आत्महत्या प्रतिबंध दिन आणि १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन येतो. रॅली निघते, फलक लागतात, फोटो निघतात. यंदा त्या दिवशी पुढाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना गावाने एकच प्रश्न विचारावा. आमच्या तालुक्यात नातेवाइकांची बैठक कोणत्या वारी, किती वाजता, कुठे असते?

वार आणि वेळ सांगता आली, तर सेवा आहे असं समजावं. नाही सांगता आली, तर ठराव लिहायला घ्यावा.

(मन फार खचलं असेल, किंवा घरात कुणाची काळजी वाटत असेल तर टेलिमानस १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत बोलता येतं.)